पंख्याभोवतीचे वलय

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता पारनेर तालुक्यात शिरला, की झाडी विरळ होत जाते आणि दोन्ही बाजूंना मोकळे माळ पसरू लागतात. याच रस्त्यावर सुपा हे गाव वसले आहे. पाऊस येथे बेताचा. वारा मात्र उदंड. आषाढातले ढग माळावरून धावत निघून जातात आणि शेतकरी त्यांच्याकडे पाहत राहतो. ढग थांबतील असा भरवसा नसतो. त्यांना हाकून नेणारा वारा मात्र रात्रंदिवस घोंघावत असतो. एके काळी हा वारा केवळ सोसायचा होता. आता जवळच्या कावड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची लांबच लांब पाती संथपणे फिरतात, आणि ज्या वाऱ्याने ढग पळवून नेले, त्याच वाऱ्यापासून वीज निर्माण होते.

सुपा हे नाव ऐकताच धान्य पाखडण्याचे सूप मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे यावे, हे साहजिकच आहे. गावाच्या नावाचा उगम काहीही असो. वारा आणि सूप यांचे नाते फार जुने आहे. खळ्यावर मळणी झाली, की उफणणी करणारा तिवईवर उभा राहतो, धान्याची पाटी उंच धरतो आणि ती हळूहळू रिती करतो. दाणे सरळ खाली पडतात. भूस वाऱ्याबरोबर दूर जाऊन पडते. उरलेसुरले निवडण्याचे काम मग घरात सूप करते. या सुपाकडे एकदा नीट निरखून पाहावे. त्याच्या तीन बाजूंना उभा काठ असतो आणि चौथी बाजू मोकळी असते. काठ दाण्यांना आवरतो. मोकळी बाजू कोंड्याला वाट देते. चारी बाजूंना काठ असता, तर सुपाची टोपली झाली असती. एकाही बाजूला काठ नसता, तर तो नुसता तट्ट्या ठरला असता. काठ कोठे असावा आणि कोठे नसावा, हे सूप विणणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

विमानाचा पंखा घडवणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला. पंख्याला काठ असावा की नसावा? त्याची पाती मोकळ्या हवेत फिरू द्यावीत, की त्यांच्याभोवती एक वलय बसवावे? प्रश्न दिसतो लहान; पण त्याच्या उत्तरासाठी माणसांनी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली आहेत.

पवनचक्की आणि विमानाचा पंखा ही एकाच घराण्यातली भावंडे होत. मात्र दोघांची कामे परस्परांविरुद्ध आहेत. पवनचक्की वाऱ्याकडून शक्ती घेते. विमानाचा पंखा हवेला शक्ती देतो. इंजिनाच्या बळावर तो गरगर फिरतो आणि समोरची हवा ओढून जोराने मागे लोटतो. होडीतला नावाडी वल्ह्याने पाणी मागे सारतो आणि होडी पुढे जाते, तसेच हे आहे. हवा मागे जाते, विमान पुढे जाते. या पुढे नेणाऱ्या बळाला रेटा म्हणता येईल.

हा रेटा निर्माण होत असताना पात्यांच्या टोकांशी एक चोरी चालू असते. पात्याच्या मागच्या अंगाला हवेचा दाब अधिक असतो, पुढच्या अंगाला कमी असतो. धरणाच्या भिंतीला भेग पडली, तर पाणी त्या वाटेने निसटू पाहते. त्याचप्रमाणे अधिक दाबाची हवा टोकावरून वळसा घेऊन कमी दाबाच्या बाजूला पळते. तिथे भोवरे उठतात. इंजिनाने खर्च केलेल्या शक्तीचा काही भाग या भोवऱ्यांत वाया जातो. आता पात्यांच्या टोकांना जवळजवळ चिकटून एक गोल वलय बसवले, तर चोराची वाट बंद होते. उन्हाळ्यात घराघरांतून घुमणाऱ्या कूलरचा पंखा कित्येकदा अशाच गोल काठाच्या आत फिरताना दिसतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमागच्या पंख्याभोवतीही असेच आवरण असते. टेबलावरच्या पंख्याची जाळी मात्र निराळी. ती बोटांच्या रक्षणासाठी असते. तिच्या फटींतून हवा हवी तशी जाते-येते. पुणे जिल्ह्यातील कामशेतच्या परिसरात छत्रीला टांगून उडणारी माणसे पाहायला मिळतात. त्यांच्यापैकी जे पाठीवर इंजिन बांधून उडतात, त्यांच्या पंख्याभोवतीही पिंजरा असतो. तो छत्रीच्या दोऱ्या आणि माणसाचे हात सांभाळतो. पिंजरा म्हणजे वलय नव्हे.

खऱ्या वलयाचा गुण केवळ गळती थांबवण्यापुरता नाही. मोकळ्या पंख्याने मागे फेकलेला झोत जाता जाता आक्रसतो. विमान जागच्या जागी उभे असेल, तर त्या झोताचे क्षेत्रफळ अखेर पंख्याच्या क्षेत्रफळाच्या निम्मे होते. वलयाच्या आत त्याला असे आक्रसता येत नाही. म्हणजे तेवढ्याच इंजिनाने अधिक हवा, थोड्या कमी वेगाने, मागे लोटली जाते. मूठभर हवेला प्रचंड वेग देण्यापेक्षा ढीगभर हवेला बेताचा वेग देणे केव्हाही काटकसरीचे असते. शिवाय वलयाचे पुढचे तोंड घागरीच्या काठासारखे बाहेर वळवून गोलसर केलेले असते. त्या वळणावरून हवा वेगाने आत शिरते, तिथला दाब कमी होतो आणि वलय स्वतःच पुढे ओढले जाते. शास्त्रज्ञांचा हिशेब असे सांगतो, की उभ्या विमानात एकूण रेट्यापैकी निम्मा रेटा पात्यांवर पडतो आणि निम्मा या न फिरणाऱ्या, मुकाट उभ्या असलेल्या वलयावर! कसलीही तूट धरली नाही, तर तेच इंजिन आणि तेवढ्याच व्यासाचा पंखा यांच्याकडून सरळ नळीसारखे वलय सुमारे सव्वापट रेटा मिळवून देते.

सव्वापट! घरी विमान बांधू पाहणाऱ्या माणसाच्या कानांवर हा शब्द पडला, म्हणजे त्याची झोप उडाल्याशिवाय राहत नाही.

घरी विमान बांधणारी माणसे जगात आहेत, आणि ती महाराष्ट्रातही आहेत. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने विमानचालक. दुसऱ्यांनी बांधलेली विमाने चालवीत असतानाच आपले विमान आपणच बांधावे, हा ध्यास त्यांनी घेतला. कांदिवलीच्या चारकोप भागात त्यांच्या कुटुंबाची इमारत आहे. तिच्या गच्चीवर त्यांनी कारखाना थाटला. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे यंत्र आणि विमानाचे इंजिन एवढा संसार गच्चीवर चढवला गेला. आरंभीचे प्रयत्न आकाशापर्यंत पोहोचले नाहीत. तरीही त्यांनी काम सोडले नाही. सहा आसनांचे ते विमान अखेर २०१६ साली क्रेनने गच्चीवरून खाली उतरवण्यात आले आणि मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी ते डोळे भरून पाहिले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाण-चाचणीची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात झेपावले. या विमानाच्या नाकाशी बसवलेला पंखा मोकळाच आहे. त्याच्याभोवती वलय नाही.

असे का असावे? सव्वापट रेटा देणारे साधन हाताशी असताना जगातील बहुतेक लहान विमाने उघड्या पंख्यांनीच का उडतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर हौशी कारागिराच्या अंगणात जावे लागेल.

एखाद्या कारागिराने मोठ्या हौसेने वलय घडवले, अशी कल्पना करावी. त्यात पंखा बसवला, इंजिन एका गाड्यावर चढवले, गाडा भिंतीतल्या कडीला बांधला आणि मध्ये तानकाटा अडकवला. इंजिन सुरू होते. काटा सरकत जातो आणि एका आकड्यावर थांबतो. मग तो वलय काढून ठेवतो आणि पुन्हा इंजिन सुरू करतो. या वेळी काटा अलीकडेच थांबतो. कारागिराचा आनंद गगनात मावत नाही. त्याने प्रत्यक्ष मोजून पाहिले आहे. तानकाटा खोटे बोलत नाही, आणि कारागीरही स्वतःला फसवू इच्छीत नाही. तरीसुद्धा तो फसण्याच्या बेतात असतो. कारण गाडा कडीला बांधलेला आहे, आणि विमान कडीला बांधून ठेवण्यासाठी घडवलेले नसते.

विमान धावू लागले, म्हणजे सारा हिशेब पालटतो. समोरून येणारा वारा पंख्यात आपोआप शिरू लागतो. मोकळ्या पंख्याचा झोतही आता पूर्वीइतका आक्रसत नाही. वलयाने जो लाभ मिळवून दिला होता, तो वेगाबरोबर घटत जातो. उलट वलय हीच एक वस्तू असल्यामुळे वारा तिला अडवतो. सायकलवरून जाणाऱ्या मुलाला हा अनुभव नवा नाही. वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाकताना अंगातला सैल सदरा फुगतो आणि मागे ओढू लागतो. वेग दुप्पट झाला, की ही ओढ चौपट होते. तिप्पट झाला, की नऊपट. म्हणून एक वेळ अशी येते, की वलयाचा लाभ आणि वलयाचा अडथळा समसमान होतात. त्यापुढे वलय म्हणजे शुद्ध ओझे. उभ्याने जे मित्र होते, ते धावताना पायातली बेडी बनते.

ओझे या शब्दाचा अर्थ येथे शब्दशःही घ्यावा लागतो. वलय हलके असावे, म्हणजे विमानाला पेलवेल; पण ते ताठही असावे लागते. पात्याचे टोक आणि वलय यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरांची फट ठेवली, तरच भोवऱ्यांना आळा बसतो. फट वाढली, की लाभ गळून जातो. एक मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक एका सेकंदात सुमारे १५७ मीटर अंतर कापते. अशा वेगाच्या पात्यापासून काही मिलिमीटरांवर जे वलय आहे, ते वळणावर, धक्क्याने किंवा उन्हाच्या तापाने किंचितही वाकले, तर पाते त्याच्यावर आदळेल. मोठ्या कारखान्याला असे अचूक वलय घडवणे साधते. घरच्या गच्चीवर ते साधणे कठीण, आणि साधले नाही, तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. कारण घरी बांधलेल्या विमानात पहिल्यांदा बसावे लागते ते बांधणाऱ्यालाच.

आणखी एक साधा हिशेब या प्रकरणात दडलेला आहे. एक मीटर व्यासाचा वलयातील पंखा उभ्याने जेवढा रेटा देतो, जवळजवळ तेवढाच रेटा तेच इंजिन सुमारे १.४ मीटर व्यासाच्या मोकळ्या पंख्यापासूनही देऊ शकते. म्हणजे विमानात मोठा पंखा बसवण्याइतकी जागा असेल, तर वलयाचा खटाटोप करण्याचे फारसे कारणच उरत नाही. जागा नसेल, तेथे मात्र वलय हाच आधार असतो. वलयाचे खरे मोल सव्वापट या शब्दात नाही. ते जागेच्या अडचणीत आहे.

हे सारे इटलीतील लुइजी स्टिपा या अभियंत्याने फार पूर्वी प्रत्यक्ष करून पाहिले. वलयातील पंख्याची शक्ती अजमावण्यासाठी त्याने विमानाचे संपूर्ण धडच एका पोकळ पिंपासारखे केले. पिंपाच्या तोंडाशी पंखा आणि इंजिन, पिंपाच्या पाठीवर चालकाची बैठक आणि दोन्ही अंगांना पंख, असे ते विचित्र यंत्र काप्रोनी कारखान्याने बांधले. १९३२ साली ते उडाले. पाहणाऱ्यांना हसू आले असेल. पण विमान स्थिर राहिले आणि अगदी संथ वेगाने अलगद उतरले. वलयाचा गुण सिद्ध झाला. त्याचबरोबर दोषही सिद्ध झाला. एवढे मोठे पिंप हवेतून ओढून नेताना मिळालेला लाभ तिथल्या तिथे खर्च होत होता. विमानाला वेग येईना. प्रयोग तेथेच थांबला. तथापि तो व्यर्थ गेला असे कोण म्हणेल? एका प्रश्नाची दोन्ही उत्तरे त्या एका विमानाने जगापुढे मांडली.

पुढे वलयाला त्याच्या योग्यतेची घरे सापडत गेली. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील लुडविग कोर्ट याने बोटीच्या पाण्यातील पंख्याभोवती असे वलय बसवले. बंदरात अजस्र जहाजांना ओढणाऱ्या टग बोटींना वेगाची घाई नसते. सारे बळ जवळजवळ उभ्याने लावायचे असते. तेथे वलय शोभून दिसले आणि आजही दिसते. पाणी आणि चिखल दोहोंवरून सरकणाऱ्या हॉवरक्राफ्टच्या पाठीवरही वलयातील पंखे असतात. मुंबईतील जुहूच्या विमानतळावरून समुद्रातील तेलविहिरींकडे ‘डॉफिन’ जातीच्या हेलिकॉप्टरांनी वर्षानुवर्षे फेऱ्या घातल्या. त्यांच्या शेपटीचा लहान पंखा शेपटीतच केलेल्या गोल झरोक्यात फिरतो. जागा थोडी, आणि जवळून वावरणाऱ्या माणसांना पात्यांचे भय. दोन्ही अडचणी त्या झरोक्याने दूर केल्या. इंग्लंडमध्ये १९७९ साली ‘ऑप्टिका’ नावाचे लहान विमान उडाले. काचेच्या घुमटासारखी पुढची बैठक आणि तिच्यामागे वलयातील पंखा, अशी त्याची घडण होती. हळूहळू उडत खालची जमीन न्याहाळणे हेच त्याचे काम असल्याने वेगाचा तोटा त्याला सहज परवडला. प्रत्येक ठिकाणी वलय तेच आहे. काम निराळे आहे. काम ओळखून दिलेले वलय गुणकारी ठरते, आणि केवळ दिसायला देखणे म्हणून बसवलेले वलय भार होते.

सुप्याच्या माळावर पुन्हा येऊन पवनचक्क्यांकडे पाहिले, तर त्यांची पातीही मोकळीच आहेत हे ध्यानात येते. त्यांच्याभोवती वलय बसवता येणार नाही असे नाही. लहान पवनचक्क्यांना ते बसवण्याचे प्रयोग झाले आहेत. पण एवढ्या लांब पात्यांना पुरे पडेल असे वलय डोंगरावर उभारायचे, त्याचा भार एकाच खांबावर तोलायचा आणि वादळात ते सांभाळायचे, त्यापेक्षा पातीच थोडी लांब करणे सोयीचे. याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहराजवळ, संरक्षण विभागाची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. ‘निशांत’ या चालकरहित विमानासाठी घडवलेल्या देशी वान्केल इंजिनात तिचा वाटा होता, आणि त्या इंजिनाच्या बळावर निशांतने २००९ साली कर्नाटकातील कोलार येथे उड्डाण केले. त्या विमानाच्या पाठीमागचा पंखाही मोकळाच आहे. पवनचक्की असो, निशांत असो, की गच्चीवर जन्मलेले विमान असो. प्रत्येकाच्या पंख्यामागे कोणीतरी तोच जुना प्रश्न विचारला असणार आणि आपल्या कामापुरते उत्तर शोधले असणार.

संध्याकाळ झाली, की माळावरचा वारा गावात शिरतो. ओसरीवर बसून कोणी आजी बाजरी पाखडू लागते. सूप किंचित तिरपे होते, वर उडते, पुन्हा हातांत येते. तीन काठांच्या आत दाणे पावसाच्या सरीसारखे वाजतात. मोकळ्या चौथ्या बाजूने कोंडा हलकेच उडून जातो. शेजारी बसलेल्या नातवाने विचारावे, की चौथा काठ कोठे गेला? आजी हात थांबवणार नाही. ती म्हणेल, “तो असता, तर पाखडलं कसं असतं, बाळा?”